काश्मीर ट्रिप, इंग्लंडची ट्रॅव्हल पॉलिसी आणि फॉरेन ऑफिसची वॉर्निंग - मदत हवी आहे

रेडिंगवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण ज्यांना यातलं माहिती आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, पुढच्या आठवड्यात बुकिंगचे पैसे भरायचेत आणि मला काही सुधरत नाहीये.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मे महिन्यात हाफ टर्मला (मुलांच्या शाळेची मधली सुट्टी) जोडून साताऱ्याला सासरी जाणार आहोत. बाबा (सासरे) रेल्वेतून रिटायर झालेत, पुणे-मिरज लाईनवर सगळी नोकरी गेली, आणि जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय की मला तो चिनाबवरचा पूल गाडीत बसून ओलांडायचाय. नदीपासून ३५९ मीटर उंच पूल आहे, त्यांना त्याच्या कमानीची सगळी माहिती पाठ आहे. म्हणून ताईंनी (नणंद) पुण्यातल्या एका टूरवाल्याकडे सगळ्यांचं मिळून पॅकेज बघितलंय, जम्मूपर्यंत विमान, मग कटरा, वैष्णोदेवी, त्या ट्रेनने श्रीनगर आणि पुढे पहलगाम, गुलमर्ग.

आता प्रॉब्लेम. आमची इथली फॅमिलीची वर्षाची ट्रॅव्हल इन्शुरन्स पॉलिसी आहे. धाकट्याला अस्थमा आहे, तो डिक्लेअर करून जास्तीचा प्रीमियम भरलाय, त्यामुळे मी पॉलिसीचं पुस्तक नीट वाचते. त्यात स्पष्ट लिहिलंय की फॉरेन ऑफिसने (ब्रिटिश परराष्ट्र खात्याने) ज्या भागात 'कुठलाही प्रवास करू नका' किंवा 'अगदी गरजेचा सोडून करू नका' असं सांगितलंय तिथे गेलात तर कव्हर नाही. आणि फॉरेन ऑफिसच्या भारताच्या पानावर जम्मू-काश्मीर पहिल्या प्रकारात आहे, पहलगाम, गुलमर्ग, सोनमर्ग, श्रीनगर शहर, जम्मू-श्रीनगर हायवे, सगळी नावं घेऊन. सूट फक्त विमानाने जम्मू शहरात जायला-यायला, त्या शहरात फिरायला आणि लडाखला.

घरी हे सांगितलं तर ताई म्हणतात, अगं लाखो लोक जातायत, आपल्या सरकारने कुठे बंदी घातलीय. त्यांचंही खरं आहे, पण धाकट्याला रात्री अपरात्री अटॅक आला आणि ॲडमिट करावं लागलं तर बिल कोण भरणार हा माझा प्रश्न आहे, आणि मला तो वाद न घालता सोडवायचाय.

तर मला हे विचारायचंय की काश्मीरला गेलो तर पूर्ण भारताच्या ट्रिपचं कव्हर जातं का फक्त तेवढ्या दिवसांचं? माझा आणि मुलांचा पासपोर्ट ब्रिटिश आहे पण नवऱ्याचा अजून भारतीयच आहे, मग ब्रिटिश सरकारची वॉर्निंग त्याला लागू होते का? आणि समजा बुकिंग केल्यावर वॉर्निंग अजून वाढली, २०२५ च्या मे मध्ये उत्तरेतले विमानतळ बंद झाले होते तसं काही झालं, तर पैसे परत मिळतात का?

कागदपत्रवाला

ताई, मी इथे इंग्लंडमध्येच ट्रॅव्हल क्लेम्सचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक क्लिअर करतो, फॉरेन ऑफिसचा सल्ला हा कायदा नाही, तुम्ही श्रीनगरला गेलात म्हणून कोणी तुम्हाला अडवणार नाही की दंड करणार नाही. पण इन्शुरन्स कंपनीने तो सल्ला आपल्या करारात घातलाय आणि तुम्ही तो करार घेतलाय, त्यामुळे तुमच्यासाठी तो पैशांच्या बाबतीत बंधनकारक होतो. म्हणूनच नवऱ्याच्या पासपोर्टचा इथे संबंध नाही. त्या कलमात माणूस कुठल्या देशाचा हे नसतं, तो कुठे गेला हे असतं. एकाच पॉलिसीवर चौघं असाल तर चौघांना सारखंच.

कव्हर किती जातं हे कंपनीप्रमाणे बदलतं आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. काही पॉलिसींमध्ये फक्त त्या भागात घडलेल्या गोष्टींचं कव्हर जातं, तिथून बाहेर पडलात की परत चालू. काही ठिकाणी वॉर्निंग ज्या कारणासाठी आहे त्याच्याशी संबंध असलेलाच क्लेम नाकारतात, म्हणजे गोळीबार नाही पण अस्थमा चालेल, पण असं नुसतं धरून चालू नका, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये कारण काहीही असो तिथे काहीच मिळत नाही, गुलमर्गला बर्फात पाय घसरून मोडला तरी नाही. म्हणून कंपनीला ईमेल करा, फोन नको. गावांची नावं आणि तारखा लिहा आणि तीन गोष्टी विचारा. त्या भागात असताना साधं आजारपण कव्हर आहे का, तिथे सुरू झालेलं आजारपण पुण्यात आल्यावर वाढलं तर काय, आणि बाहेर आल्यावर पॉलिसी आपोआप चालू होते का. मधला प्रश्न कोणी विचारत नाही आणि तुमच्या केसमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

वॉर्निंग नंतर आली तर? तुम्ही आधीच तिथे असाल तर बहुतेक पॉलिसी चालू राहतात, फक्त सल्ल्याप्रमाणे लवकरात लवकर निघायला हवं. निघायच्या आधी आली तर कॅन्सलेशनचे पैसे पॉलिसीत तसं वेगळं कलम असेल तरच, सगळ्यांत नसतं. आणि जी वॉर्निंग बुकिंगच्या दिवशीच पानावर आहे तिच्यावरून क्लेम होणारच नाही, ती तुम्हाला माहीत होती असंच धरतात. इथल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं असतं तर २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हलच्या नियमांखाली पूर्ण रिफंड मागायला आधार असता, पण पुण्याच्या टूरवाल्याला तो नियम लागू नाही. त्याच्या कॅन्सलेशनच्या अटी लेखी घ्या.

डोंबिवली_फास्ट_लोकल

बाबा-आईंची काळजी करू नका, त्यांच्याकडे इथला मेडिक्लेम असेल तर तो काश्मीरमध्येही चालतो, आपलाच देश आहे. फक्त जवळच्या नेटवर्क हॉस्पिटलची यादी काढून ठेवा, कॅशलेस नसेल तर आधी भरून मग रिइम्बर्समेंट. आणि युद्धातली इजा बहुतेक मेडिक्लेममध्ये वगळलेली असते, तेवढं वाचून घ्या. तुम्ही लोक परदेशी पासपोर्टवाले, इथली डोमेस्टिक ट्रॅव्हल पॉलिसी तुम्हाला देतील का हे एजंटच्या तोंडी बोलण्यावर सोडू नका.

न्यू_जर्सी_काकू

आमच्याकडेही सेम कटकट, फक्त अमेरिकेत सरकारच्या प्रवासाच्या सल्ल्याच्या लेव्हल असतात १ ते ४, ४ म्हणजे जाऊच नका. भारत पूर्ण लेव्हल २ आणि जम्मू-काश्मीर लेव्हल ४, लेह आणि पूर्व लडाख सोडून. बरं त्यांच्या सल्ल्यात माओवाद्यांमुळे पूर्व महाराष्ट्राचाही उल्लेख आहे, आम्हाला हेमलकसाला जायचं होतं तेव्हा मी हे सगळं वाचलं. इथल्या बऱ्याच पॉलिसी नुसत्या लेव्हलवरून कव्हर काढत नाहीत पण नुसती भीती वाटली म्हणून कॅन्सल केलं तर काही देत नाहीत. त्यासाठी 'कुठल्याही कारणाने कॅन्सल' असा महागडा प्रकार असतो, पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावा लागतो आणि ५० ते ७५ टक्केच परत मिळतात. तुम्हाला इंग्लंडमध्ये त्याचा उपयोग नाही, पण लोक अमेरिकेतले लेख वाचून गोंधळतात म्हणून लिहिलं.

सह्यभटक्या

लडाखला सूट आहे म्हणून तिकडे वळू नका हं. श्रीनगर-सोनमर्ग मार्गे गेलात तर अर्धा रस्ता वॉर्निंगमध्येच, आणि विमानाने थेट लेहला उतरलात तर ३५०० मीटरवर वयस्कर माणसं आणि अस्थमावालं पोर, मी तरी नाही नेणार. मनालीला जा, तिथे काही वॉर्निंग नाही.

रेडिंगवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, @कागदपत्रवाला तुमचे तीन प्रश्न जसेच्या तसे पाठवले. उत्तर आलं. जम्मू-काश्मीरमध्ये असताना काहीच कव्हर नाही, बाहेर आल्यावर पॉलिसी परत चालू, पण तिथे सुरू झालेलं दुखणं बाहेर आल्यावरही कव्हर नाही. आणि कटरा जम्मू शहरात धरत नाहीत, त्यामुळे वैष्णोदेवी पण गेलं.

बाबांशी मी स्वतः बोलले. ते म्हणाले पोराला घेऊन नको, पूल काय पळून जात नाही. पण मला त्यांचं वय दिसतंय, मला तो पूल त्यांनी यावर्षीच बघायला हवाय. म्हणून असं ठरतंय की आई-बाबा, ताई आणि नवरा ट्रेनने श्रीनगरला जातील, नवऱ्यासाठी वॉर्निंगच्या भागातही चालणारी वेगळी पॉलिसी घेतोय, इथे अशा विकणाऱ्या कंपन्या आहेत, महाग पडते पण घेतोय. मी आणि मुलं तोवर अमृतसरला आणि मग सगळे मनालीला भेटू. मोठ्याला अटारीची संध्याकाळची परेड बघायचीय, ते चालेल ना?

कागदपत्रवाला

अमृतसर शहर चालेल. अटारी नाही, पाकिस्तान सीमेपासून १० किलोमीटरच्या पट्ट्याला पण तसाच सल्ला आहे आणि परेड सीमेवरच होते. निघायच्या आदल्या दिवशी फॉरेन ऑफिसच्या त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि नवऱ्याच्या नवीन पॉलिसीत युद्ध आणि दहशतवाद दोन्हीबद्दल काय लिहिलंय ते पैसे भरायच्या आधी इथे टाका, मी बघून सांगतो.

रेडिंगवाली

आज रात्री टाकते.