आधी तारीख बघा, मग अ‍ॅप
जुन्या कॉम्प्युटरवर कॉलचं अ‍ॅप चालेनासं झालं की, अपडेट बंद करून जुनीच आवृत्ती वापरत राहा असा सल्ला काहीजण देतात. तो मला पटत नाही. आपण अपडेट थांबवलं तरी समोरचा सर्व्हर, म्हणजे अ‍ॅप ज्याला जोडलं जातं तो कंपनीचा कॉम्प्युटर, कधीतरी जुन्या आवृत्तीला आत घेणं बंद करतोच. स्काइप तर ५ मे २०२५ ला कायमचं बंद झालं. विंडोज ७ असेल तर अ‍ॅपचा नाद सोडून ब्राउझरमधून कॉल लावलेला बरा. क्रोम तिथे १०९ व्या आवृत्तीवर थांबलंय, फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर या लांब मुदतीच्या आवृत्तीला मात्र त्यानंतरही सुरक्षेचे अपडेट मिळत राहिले.

मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, सेलकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ हाच सेल जपतो; तो संपला की तारीख मागे जाते. सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावशीचा नातवाला लावलेला कॉल अचानक लागेनासा झाला, नुसतं 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं यायचं. घरचे सगळे अ‍ॅपला दोष देत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं तर साल २००९! तारीख इतकी मागे गेली की सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं कॉम्प्युटर धरतो आणि जोडणी नाकारतो. सीआर २०३२ नावाचा तो चपटा सेल मेन रोडला घड्याळाच्या दुकानात मिळाला. बदलण्याआधी प्लग नक्की काढा, आणि नंतर तारीख-वेळ स्वतः भरा.