मदत हवी आहे: इंग्रजी ‘टेक’मधला ‘इट’ चौथीला कसा समजवावा?

फोंडा तालुका, मराठी प्राथमिक शाळा. ‘टेक’ मुळात जुन्या नॉर्सच्या (उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेच्या) ‘ताका’वरून आलेला, अर्थ पकडणे. त्यामुळे घेणे, नेणे कृतीतून लगेच कळतं. ‘परीक्षा देणे’ला ‘गिव्ह’ नव्हे, ‘टेक’, हेही मुलांच्या अंगवळणी पडलंय.

अडतं ‘लागणे’पाशी. ‘पणजीला जायला मला तास लागतो’ याचं मुलं ‘मी (me, म्हणजे मला) टेक्स वन अवर’ करतात. हवं ‘इट टेक्स मी अ‍ॅन अवर’. मराठीत क्रियापद तासाकडे बघतं, दोन तास ‘लागतात’, म्हणून तिथे ‘टेक्स’चा ‘स’ही गळतो. साचा घोकून घेतला, पण वेळेऐवजी ‘धीर लागतो’ आलं की ‘इट’ पुन्हा गायब!

व्याकरणाच्या संज्ञा न वापरता, हा ‘इट’ कोणत्या मराठी वाक्यावरून पटवावा?