फी थकली म्हणून मुलाचा दाखला अडवता येतो का?

सहावीची आई, पुणे
मुलगा पाचवीपर्यंत खाजगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत होता. मागच्या दिवाळीनंतर नवऱ्याची नोकरी गेली. दोन हप्ते भरले, उरलेले 38,400 रुपये थकले. आता आम्ही सासूबाईंच्या घराजवळ राहायला आलोय. इथल्या अनुदानित मराठी शाळेत त्याला सहावीत घालायचं आहे, मुख्याध्यापिका घ्यायला तयार आहेत. पण जुनी शाळा म्हणते, आधी पूर्ण फी भरा, मग शाळा सोडल्याचा दाखला मिळेल. सरलवरची (शासनाच्या विद्यार्थी नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीवरची) ट्रान्सफरची विनंतीही त्यांनी तशीच ठेवली आहे.

तीन वेळा जाऊन आले. तिसऱ्या वेळी दाखला लिहून तयार होता, क्लार्कच्या काचेखाली मला दिसत होता. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सगळं भरलेलं, फक्त सही-शिक्का बाकी. क्लार्क म्हणाले, "ताई, माझ्या हातात काही नाही." मुलगा शेजारीच उभा होता. वाटेत त्याने विचारलं, "माझं नाव लिहिलं होतं ना त्यावर? मग तो माझा नाही का?"

माझं म्हणणं एवढंच आहे. फी आम्ही देणं लागतो आणि ती देणार आहोत. पण देणं आमचं आहे, त्याचं नाही. दाखला अडवणं बेकायदा आहे असं मी मानते. इथल्या जाणकारांनी सांगावं.

संस्थाचालक, तालुक्याचं गाव
ताई, तुमच्या अडचणीबद्दल वाईट वाटतं, पण दुसरी बाजूही मांडतो. माझी शाळा दहावीपर्यंत आहे, पटावर 410 मुलं. अनुदान एक पैसा नाही. बावीस शिक्षक आणि दोन शिपाई यांचे पगार फक्त फीमधून होतात. दर मे महिन्यात वीस-पंचवीस पालक वर्षभराची फी ठेवून निघून जातात. फोन उचलत नाहीत, पत्ता बदललेला असतो. दाखला ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी ते परत शाळेत येतात. तीही काढून घेतली तर मी वसुली कशी करायची?

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के मोफत जागांचंही सांगतो. शासनाने ठरवलेली प्रतिपूर्ती एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये आहे आणि तीही वेळेवर येत नाही. शासन थकवतं, पालक थकवतात, शिक्षकाचा पगार मात्र थकवून चालत नाही. कायदा नेहमी पालकाच्याच बाजूने का वाचायचा?

निवृत्त केंद्रप्रमुख
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009, कलम 5 काढून वाचा. मूल कोणत्याही कारणाने दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे. उशीर केला तर मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि पालकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही. म्हणजे ताई, मुलाला उद्याच नव्या शाळेत बसवा. दाखल्याचं भांडण मागून चालू राहू दे.

माझ्या नोकरीत अशी प्रकरणं दर जूनला यायची. एक अनुभव सांगतो: तोंडी बोलण्याने काहीही होत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. तो अर्ज जोडून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे तक्रार करा. शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागालाही प्रत द्या. कलम 32 खालच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं.

वकील, जिल्हा न्यायालय
केंद्रप्रमुखांचं बरोबर आहे, पण कलम 5 मध्ये एक अट आहे, ती कुणी सांगत नाही. बदलीचा हा हक्क शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी आहे. एका खाजगी विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या तशाच शाळेत जाणाऱ्या मुलाला या कलमाचा थेट आधार मिळत नाही. ताईंचा मुलगा अनुदानित शाळेत चालला आहे, म्हणून त्यांची बाजू भक्कम आहे. हेच शेजारच्या नव्या सीबीएसई शाळेसाठी असतं तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

आणखी दोन मर्यादा. हा कायदा 6 ते 14 वयासाठी आणि आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीला वेगळा मार्ग धरावा लागतो, प्रसंगी उच्च न्यायालयात रिट याचिका. शिवाय जुनी शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालानंतर आरटीई कायदा तिला लागू होत नाही. अर्ज लिहिण्याआधी हे तपासा.

संस्थाचालकांना: थकलेली फी हे दिवाणी देणं आहे. वकिलाची नोटीस, त्यानंतर वसुलीचा दावा, हा तुमचा मार्ग खुला आहे. मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या शाळांच्या प्रकरणात कोविडच्या वर्षाची फी 15 टक्के कमी करायला लावली आणि उरलेली वसूल करायचा शाळांचा हक्क मान्य केला. पण त्याच निकालात फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढू नका, परीक्षेचा निकाल अडवू नका, असंही बजावलं. तो आदेश त्या वर्षापुरता होता हे मान्य, तरी न्यायालयाने देणं आणि मूल वेगळं ठेवलं.

संस्थाचालक, तालुक्याचं गाव
वकीलसाहेब, तीस हजारांसाठी दावा लावायचा म्हणजे वकिलाची फी, तारखांची वर्षं. तोवर पालक कुठल्या कुठे. कागदावर मार्ग आहे, पण चालायला गेलं की पाय सापडत नाहीत.

माजी शिक्षिका
मी अशाच एका शाळेत नऊ वर्षं शिकवलं. सरांचं पगाराचं म्हणणं खोटं नाही, आमचा पगार दोन-दोन महिने लांबायचा. पण वसुली कशी व्हायची तेही सांगते. दर सोमवारी ऑफिसमधून एक यादी यायची. त्या मुलांना पहिल्या तासाला उभं करायचं आणि वहीत "फी बाकी" असं लाल पेनने लिहून द्यायचं. माझ्या वर्गातली एक मुलगी यादी येण्याआधीच उभी राहायला लागली होती. शिपाई दारात दिसला की ती पेन खाली ठेवायची आणि बाकाला धरून उठायची. आठ वर्षांची होती.

आरटीईच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. मला तेव्हा हे कलम माहीत नव्हतं. माहीत असतं तरी नोकरीच्या भीतीने मी बोलले असते का, सांगता येत नाही. पण ती लाल अक्षरं मी लिहिली आहेत आणि ती चूक होती. दाखला अडवणं मला त्याच यादीचा पुढचा भाग वाटतो.

तीन मुलांचा बाप, ठाणे
मी दोन्ही बाजूंशी भांडणार आहे. तुम्ही सगळे दाखल्यावर बोलताय, पण फी एवढी होतेच कशी? महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यावर 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठी टाकून निवडायचे, फीचा प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या सहा महिने आधी समितीपुढे यायला हवा. आमच्या शाळेत समितीच्या कागदावर माझी सही घेतली ती गॅदरिंगच्या दिवशी, गर्दीत, "सर, हजेरीची सही" म्हणून.

पुढे दुरुस्तीने कायदा आणखी बोथट केला. विभागीय शुल्क नियामक समितीकडे पालकांनी तक्रार करायची तर 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. आमच्या शाळेत 1,200 मुलं आहेत. मी तीनशे सह्या गोळा करायला निघालो, 41 झाल्या. गेटवर लोक हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे, पण माझा मुलगा अजून आत आहे." कायदा एवढा चांगला असता तर लोक एवढे घाबरले असते का? म्हणून मला कलमांवर विश्वास ठेवा असं कुणी सांगू नये.

निवृत्त केंद्रप्रमुख
ठाणेकर, तुमचा राग योग्य आहे, निष्कर्ष नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या 25 टक्के जागांतून सूट दिली होती. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती, जुलैत तो बदल रद्द, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. त्या वर्षी ज्या मुलांना या जागांवर प्रवेश मिळाले ते कलमांमुळेच मिळाले. भीती खरी आहे, पण दाखल्याच्या अर्जाला तीनशे सह्या लागत नाहीत, एक पुरते.

संस्थाचालक, तालुक्याचं गाव
माजी शिक्षिकाबाईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. यादी आमच्याकडेही निघते. आता ती वर्गात जाणार नाही, मुख्याध्यापकांना तसं लेखी देतो. दाखल्याचं मात्र माझं मत पूर्ण बदललेलं नाही. दाखला तात्काळ द्या असं कायदा सांगत असेल तर थकीत फीची वसुली महसुली थकबाकीसारखी झटपट व्हायची सोयही कायद्यानेच द्यावी. एका हाताने घ्यायचं आणि दुसरा हात बांधून ठेवायचा, यात शेवटी बंद पडतात त्या लहान शाळाच. मोठ्यांना काही होत नाही.

सहावीची आई, पुणे
सर, तुमची ही मागणी मला मान्य आहे. तुम्ही ती शासनाकडे करा, मी सही करते.

आज अर्ज दिला. आधी घेत नव्हते, दुसरी प्रत पुढे केली तेव्हा शिक्का मारला. सोबत दरमहा 4,000 रुपयांचा हप्ता देण्याचं पत्र आणि पहिला चेकही दिला. वकीलदादा, शाळा अल्पसंख्याक नाही, विचारून खात्री केली. शिक्षणाधिकाऱ्यांकडची तक्रार सोमवारी देणार आहे.

मुलगा बुधवारपासून नव्या शाळेत बसतोय. बाईंनी हजेरीत त्याचं नाव सध्या पेन्सिलने लिहिलं आहे. आवक क्रमांक मिळाला की इथे कळवते.