लोअर आर्मचे बुश घरी बदलता येतील का?

घाटवाट:
माझ्या २०१३ सालच्या पेट्रोल हॅचबॅकचे ९४,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या पावसाळ्यापासून गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या चाकापाशी ‘टक्’ असा आवाज येतो आणि ब्रेक दाबताच गाडी किंचित डावीकडे ओढते. चाक काढून पहारीने लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) हलवून पाहिला, तेव्हा त्याच्या सांगाड्याकडील दोन बुशपैकी (धक्के शोषणाऱ्या, नळीत बसवलेल्या रबरी जोडांपैकी) मागच्या बुशचे रबर आतल्या नळीपासून अर्धेअधिक सुटलेले दिसले. गॅरेजवाले पूर्ण आर्मच बदला म्हणतात. माझ्याकडे ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, सॉकेटचा संच आणि टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा) आहे. बुश दाबून बसवायचा प्रेस मात्र नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनापाना:
आर्म उतरवण्याचे काम घरी होते. बुश काढण्या-बसवण्यासाठी मात्र आर्म सरळ लेथवाल्याकडे न्यावा. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका जातो आणि आर्मचे भोकच खराब होते. जुने रबर जाळून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण तो धूर विषारी असतो.

नेण्यापूर्वी एक काम अवश्य करा. मागच्या बुशच्या रबरात बहुधा चंद्रकोरीसारख्या दोन पोकळ्या असतात आणि त्या कोणत्या दिशेला आहेत यावर ब्रेक लावताना आर्म किती मागे सरकेल हे ठरते. म्हणून जुना बुश आर्ममध्ये असतानाच पोकळीच्या रेषेत आर्मवर खूण करा आणि फोटोही काढून ठेवा. बसवताना साबणाचे पाणी पुरते. ऑईल किंवा साधे ग्रीस लावले तर रबर फुगते.

दोनचाकेजास्त:
गॅरेजवाले लुबाडत आहेत असे लगेच मानू नका. काही गाड्यांत बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडील टोकाचा, सर्व बाजूंना वळणारा गोल सांधा) आर्ममध्येच पक्का बसवलेला असतो, आणि तोही सैल झाला असेल तर पूर्ण आर्म घेणेच शहाणपणाचे ठरते. जॅक स्टँडशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

चौथागिअर:
वरच्या प्रतिसादांत मुख्य गोष्ट राहिली. या बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा बोल्टने आवळलेली आतली नळी जागेवरच राहते आणि मधले रबर पिळले जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. मी पहिल्यांदा नेमके हेच केले आणि नवे बुश आठ महिन्यांत फाटले. ते टाळण्यासाठी गाडी उचलण्यापूर्वी, ती सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. सगळे जोडल्यावर बोल्ट हातानेच लावा, आर्मच्या बॉल जॉइंटकडील टोकाखाली जॅक ठेवून तेच अंतर येईपर्यंत आर्म सावकाश उचला आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला बोल्ट आवळा.

घाटवाट:
सर्वांचे आभार. बॉल जॉइंट घट्ट निघाला, म्हणून फक्त बुशच बदलले. आर्म उतरवण्यात सगळा वेळ गेला तो बॉल जॉइंटच्या टोकापाशी. गंजलेले बोल्ट आदल्या रात्री गंजनाशक मारल्यामुळे सुटले, पण ते टोक नकलमधून (चाकाचा हब ज्यावर बसतो त्या लोखंडी भागातून) निघेना, शेवटी नकलच्या बाजूला हातोड्याचे तीन-चार घाव घातल्यावर सुटले. लेथवाल्याने वीस मिनिटांत दोन्ही बुश बसवून दिले. माझे अंतर ३७.५ सेंटीमीटर होते. त्याच मापाला आर्म आणून बोल्ट आवळले. आवाज थांबला आहे आणि ब्रेक लावताना गाडी सरळ राहते. स्टिअरिंग मात्र सरळ रस्त्यावर थोडे उजवीकडे वळलेले राहते, म्हणून उद्या सकाळी अलाइनमेंटला नेत आहे. उजव्या बाजूचे रबरही तडकलेले दिसले. त्या बुशची जोडी आणून ठेवली आहे.