पाचारण ओळखावे कसे आणि अभिवचनावर विसंबावे किती?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावाने सलाम.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या शाळेचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपासनाही मीच चालवतो. करमाळ्याकडील एका लहान मंडळीला सध्या पाळक नाही. मी रीतसर शिक्षण घेऊन तेथे पूर्णवेळ सेवेसाठी यावे, असे त्या मंडळीने आमच्या पाळकसाहेबांमार्फत विचारले आहे. हे विचारणे होण्याच्या कितीतरी आधीपासून प्रार्थनेच्या वेळी हाच विचार माझ्या मनात घोळत होता, त्यामुळे हे देवाचे पाचारण, म्हणजे सेवेसाठीचे बोलावणे, असावे असे मला वाटते. पण छातीठोकपणे तसे सांगण्याचे धैर्य होत नाही.

घराचे कर्ज अद्याप फिटलेले नाही, वडिलांना मधुमेह आहे, मुलगी तिसरीत आहे आणि तेथे मिळणारे मानधन आताच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी असेल. पत्नीला विचारले तर ती नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंनी मला ऐकवले की देवाच्या सांगण्यावरून आपला देश सोडून निघताना अब्राहामाने हिशेब केला नव्हता आणि जो हिशेब करत बसतो त्याचा विश्वास कच्चा असतो. हिशेब हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ते वाक्य मला जरा जास्तच लागले.

माझे विचारणे असे आहे की विश्वासाने निघणे म्हणजे खरोखरच काहीही न पाहता निघणे आहे काय? आणि मी तुला आशीर्वाद देईन, तुझे नाव मोठे करीन, ही अब्राहामाला मिळालेली अभिवचने माझ्यासारख्याने आपल्या नावावर मांडून घ्यावीत काय?

निवृत्त पाळक

प्रिय बंधू, सलाम.

अब्राहामाचे उदाहरण देणारे बहुतेक जण बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील पहिली तीन वचने वाचून थांबतात. पाचव्या वचनात असे आहे की त्याने पत्नी साराय (पुढची सारा), पुतण्या लोट, हारान येथे मिळवलेले सर्व धन आणि पदरची माणसे बरोबर घेतली. तो रिकाम्या हाताने निघाला नव्हता. त्याला ठाऊक नव्हते ते इतकेच की पोहोचायचे कोठे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातही त्याच्या विश्वासाचे वर्णन याच शब्दांत येते. पुढचा मुक्काम ठाऊक नसणे वेगळे आणि बरोबरच्या माणसांच्या पोटापाण्याचा विचार न करणे वेगळे, आणि तुमच्या ज्येष्ठ बंधूंनी या दोहोंची गल्लत केलेली दिसते.

आता त्यापुढचे पाहा. हारान सोडताना तो पंचाहत्तर वर्षांचा होता. कनान देशात पोहोचल्यावर त्याच्या वाट्याला आला तो दुष्काळ, आणि मिसरात (इजिप्तमध्ये) गेल्यावर भीतीपोटी त्याने पत्नीला बहीण म्हणून सांगितले. संततीचे अभिवचन लांबत चालले तेव्हा सारेच्या सांगण्यावरून तिची दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचा मार्ग निवडला. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा होता. नव्याण्णवाव्या वर्षी देवाने पुन्हा पुत्राचे सांगितले तेव्हा तो पालथा पडून हसला. इसहाक झाला तो शंभराव्या वर्षी. मधल्या पंचवीस वर्षांत त्याने शंका घेतली, आडवाटा धरल्या, देवाला तोंडावर विचारले की मी तर निःसंतान चाललो आहे, मग तू मला देणार तरी काय? तरीही शास्त्र त्याला विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणते. तेव्हा मनात शंका येते म्हणून पाचारण खोटे ठरत नाही.

तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून तेविसावा अध्याय आवर्जून वाचा. सगळा देश ज्याला देऊ केला होता, त्याला पत्नीच्या कबरेपुरती जागा हित्ती एफ्रोनाकडून चारशे शेकेल रुपे मोजून घ्यावी लागली. एफ्रोन फुकट देतो म्हणत होता, पण अब्राहामाने लोकांसमक्ष रुपे तोलून दिले आणि शेत, गुहा व शेतातील झाडे आपल्या नावे पक्की करून घेतली. अभिवचन हाती असताना त्याने व्यवहार चोख ठेवला. मला तर हा अध्याय त्याच्या विश्वासाचा मोठा पुरावा वाटतो, कारण ज्या भूमीत आपले कायम राहणे होईल याची दुसरी कोणतीही खूण नव्हती, त्याच भूमीत त्याने आपल्या पत्नीला पुरले.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते, तेथील पाहा. पंडिता रमाबाईंच्या, विधवांसाठीच्या शारदा सदनाला दहा वर्षे मदत करण्याचे वचन १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दिले होते. ती मुदत सरत आली तेव्हा रमाबाईंनी केवळ प्रार्थना केली असे नाही. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ मुली आल्या, तेव्हा त्यांना ठेवण्यासाठी हीच जागा उपयोगी पडली. बागेचा हिशेब मांडला म्हणून त्यांचा विश्वास उणा होता, असे कोणी म्हणू धजणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मोठे राष्ट्र आणि मोठे नाव ही अभिवचने त्या एका माणसाला, एका ठरलेल्या कार्यासाठी होती. ती आपल्या नावावर मांडली तर उद्या मानधन थकले की देवाने शब्द मोडला असे वाटू लागेल. मी तुला टाकणार नाही, युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुम्हांबरोबर आहे, ही मात्र सर्वांसाठी आहेत आणि त्यांवर पूर्ण भार टाकण्यास हरकत नाही. त्यांत कर्जाच्या हप्त्याचा उल्लेख नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

नांगरधारी

पाळकसाहेबांचा मान राखून म्हणतो की इतका सावधपणा अंगी भिनला तर कोणीच सेवेला निघणार नाही. प्रभूने बोलावताच शिमोन (म्हणजे पेत्र) आणि अंद्रिया या कोळ्यांनी जाळी तेथल्या तेथे टाकून दिली. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही, हे प्रभूचे शब्द आहेत. आधी घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्यालाच ते ऐकवले गेले आहेत. कर्ज, शाळा, आजारपण या गोष्टी कधी संपतात का? मुलगी दहावीला गेली की बारावीचे कारण पुढे येईल.

एक शिक्षिका, होटगी रस्ता

नांगरधारी बंधूंचा शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तो प्रश्नकर्त्या बंधूंनी मनावर घ्यावा. परंतु ज्या लूककृत शुभवर्तमानात नांगराचे वचन आहे, त्यातच बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या माणसाचा दाखला आहे, आणि तोही शिष्यत्वाची किंमत सांगतानाच दिलेला आहे. जाळी टाकणाऱ्या पेत्राचेही घर मोडलेले दिसत नाही. त्याच्या आजारी सासूला प्रभूने त्याच घरी जाऊन बरे केले, आणि पुढे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की केफा, म्हणजे पेत्रच, आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतो. म्हणजे त्या बाईनेही केव्हातरी स्वतः होकार दिला असला पाहिजे. तिचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट निराळी.

मला खरे बोलायचे आहे ते आपल्या पत्नीविषयी. या चर्चेत आतापर्यंत सर्वांनी अब्राहामाची मनःस्थिती तपासली, पण तंबू सारेनेही हलवले होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यानंतरचा बराच काळ त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढला, त्यातला काही आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरास. त्या काळात त्यांचे जे हाल झाले ते महाराष्ट्राला माहीत आहेत. टिळकांचे पाचारण खोटे होते असे मी म्हणत नाही. मात्र पुढे लक्ष्मीबाई ख्रिस्ताकडे आल्या त्या नवऱ्यामागे फरफटत नव्हे. सोवळ्याओवळ्याचा आणि जातीचा प्रश्न त्यांनी स्वतः मनाशी सोडवला आणि मग आल्या.

आपली पत्नी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, असे आपण लिहिले आहे. आमच्या घरांत बायकांच्या अशा गप्प राहण्याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की विचारणारा निर्णय घेऊन आला आहे हे तिला दिसते. पाळकसाहेबांच्या पत्नी किंवा एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीने तिच्याशी एकटीशी बोलावे आणि त्या वेळी आपण घरी नसावे.

तळ्याकाठचा

मी ख्रिस्ती नाही, लिंगायत घरातला आहे. आपली चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. अप्रस्तुत वाटल्यास सोडून द्यावे.

बाराव्या शतकातील आमच्या सिद्धरामेश्वरांची कथा सोलापुरात घरोघरी सांगतात. गुरे राखणाऱ्या या मुलाकडे एका जंगमाने (फिरत्या शैव साधूने) दहीभात मागितला. मुलगा घरी धावत जाऊन तो घेऊन आला, तोवर जंगम निघून गेला होता. त्याला हाका मारत, यात्रेकरूंच्या मागोमाग तो थेट श्रीशैलापर्यंत गेला आणि तेथे भेट होईना म्हणून कड्यावरून उडी घ्यायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला. पण देवाने त्याला जवळ ठेवून घेतले नाही. सोन्नलगीला, म्हणजे या आपल्या गावाला, परत जाण्याची आज्ञा झाली. तळे, अडुसष्ट लिंगे, आज आम्ही गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज घेऊन ज्यांना तैलाभिषेक करतो ती सगळी स्थाने, परत आल्यानंतरची आहेत.

आपल्या धर्मात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मला इतकेच विचारायचे आहे की देव बोलावतो म्हणजे नेहमी गाव सोडायलाच सांगतो, असे सर्वांनी धरून का चालावे?

निवृत्त पाळक

आपले लिहिणे मुळीच अप्रस्तुत नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायात, भूतबाधेतून मुक्त झालेला मनुष्य प्रभूबरोबर जाण्याची विनवणी करतो. प्रभू त्याला तारवात घेत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि देवाने तुझ्यावर दया केली ते सांग, असे म्हणतो. प्रश्नकर्त्या बंधूंच्या बाबतीत करमाळा की सोलापूर हे मी येथून सांगू शकत नाही. परंतु अंत्युखियात पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेसाठी वेगळे करण्यास सांगितले ते मंडळीची उपासना आणि उपास चालू असताना, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवले. एकट्याच्या खोलीत ऐकलेले चार माणसांसमोर ठेवून पाहावे.

पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करण्याचा धंदा करत होता, हेही विसरू नये. करमाळ्याची मंडळी मानधन देऊ शकत नसेल, तर अर्धवेळ हिशेबाचे काम करून सेवा करणारा पाळक त्यांना चालेल काय, हे विचारण्यात कमीपणा नाही.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षिका भगिनींचे लिखाण मी पत्नीला वाचायला दिले. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "त्या गावात पाण्याचे काय आहे ते आधी बघून येऊ." तिने या विषयावर स्वतःहून बोललेले हे पहिलेच वाक्य आहे. येत्या रविवारी आम्ही मुलीला घेऊन तेथील उपासनेला जाणार आहोत. उपदेश मी करणार नाही, मागे बसणार आहे.

एक व्यावहारिक शंका राहते. अर्धवेळ कामाचा विषय तेथील पंचांकडे मी स्वतः काढावा, की आमच्या पाळकसाहेबांनी?

निवृत्त पाळक

पाळकसाहेबांनी काढावा, आणि पहिल्या भेटीत नको. कर्जाचा आकडा मात्र त्यांना आजच सांगून ठेवा, म्हणजे बोलणी करताना त्यांना अंदाज राहील.