शब्दचर्चा: 'सीएसआर'ला मराठीत काय म्हणावं? बांधिलकी, दायित्व की धर्मादाय?

वेळूवन:
मी भाषांतराची कामं करते. आमच्याकडच्या एका कारखान्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी बांधून दिली आहे. तिच्यावरच्या पाटीचा मजकूर माझ्याकडे आलाय आणि त्यात 'सीएसआर' (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) आहे. सामाजिक बांधिलकी, सामाजिक दायित्व, सामाजिक उत्तरदायित्व असे तीन शब्द वापरात दिसतात. कारखान्यातल्या एका ज्येष्ठांना 'धर्मादाय' हवा आहे. ही पाटी पोरं रोज वाचणार, म्हणून शब्द नेमका हवा. जाणकारांनी सांगावं.

जमाखर्च:
'धर्मादाय' वाचला की मला कांद्याची पट्टी, म्हणजे आडत्याकडून मिळणारी विक्रीची पावती आठवते. पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरं. वर गोण्या, वजन, भाव. खाली कपात: आडत, हमाली, तोलाई, वाराई आणि अगदी शेवटी 'धर्मादाय'. रक्कम किरकोळ असायची, पण वडील त्या ओळीवर बोट ठेवायचे. "पैसा आपला, मग धर्म कुणाचा?" पेठेतली पाणपोई त्यातून चालते असं सांगितलं जायचं. हिशेब आम्ही कधी पाहिला नाही.

पुढे कळलं, या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं (आता नावात 'महाराष्ट्र') कलम ५४ याच रकमेबद्दल आहे. धंद्याच्या रिवाजाने धर्मकार्यासाठी म्हणून जो पैसा कापला जातो, तो कापणाऱ्या व्यापाऱ्याकडे विश्वस्त म्हणून असतो. म्हणजे तो त्याच्या गल्ल्यातला नव्हे, त्याच्या हवाली केलेला. त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा.

म्हणून पाटीवर 'धर्मादाय' नको. टाकी कंपनीच्या नफ्यातून झाली आहे, गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी ओळ घालून नव्हे. शिवाय आज 'धर्मादाय' म्हटलं की लोकांना रुग्णालय आठवतं. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात. माझ्या माहितीतल्या बऱ्याच जणांचा मात्र असा समज आहे की धर्मादाय म्हणजे सगळंच फुकट.

निंबोणी:
व्युत्पत्तीकडे बघा, गंमत आहे. दाय, दायित्व, उत्तरदायित्व या सगळ्यांच्या मुळाशी 'दा' म्हणजे देणे. 'दाय' म्हणजे दिलेलं, आणि वारशाचा वाटाही, 'दायाद' म्हणजे वारस, तो त्यातलाच. 'उत्तरदायी' म्हणजे उत्तर देणारा. म्हणजे दायित्वात देणं आहे, पण उत्तरदायित्वात कुणीतरी विचारणाराही आहे.

'बांधिलकी'चं तसं नाही. आपण होऊन स्वतःला बांधून घेणं, हा तिचा अर्थ. साहित्याच्या चर्चांत ती शोभते, कारण तिथे लेखक स्वतःशीच बोलत असतो. कंपनीला ती फार सोयीची पडते. मी बांधील आहे असं मीच म्हणायचं आणि किती बांधील, हेही मीच ठरवायचं.

आणि कायदा इथे स्वखुशीवर सोडत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के खर्च करायचे. माझं मत 'उत्तरदायित्व'ला. लांब आहे, पण खरा आहे.

ओसरी:
शब्द कुठलाही घ्या, मला त्या २ टक्क्यांपेक्षा उरलेल्या ९८ ची जास्त काळजी वाटते. कंपनीचा नेहमीचा धंदा आणि फक्त कामगारांच्या फायद्याच्या गोष्टी सीएसआरमध्ये धरतच नाहीत. हिशेबासाठी ते बरोबरही असेल. पण मग नफा कमावतानाच लोकांचं भलं झालं, तर त्याला शब्द कोणता?

लिज्जत पापडाचं बघा. १५ मार्च १९५९, गिरगावातली एक गच्ची, ७ जणी आणि उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी ४ पाकिटं झाली. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीपासून पाळलं. लाटणारी ती 'बहीण', म्हणजे भागीदार. तिला लाटण्याची 'वणाई' मिळते. शब्द गुजराती, आपल्या दळणावळ, शिवणावळीच्या घरातला. नफ्यात वाटा मिळतो तो वेगळा. यात दान नाही, धर्मादाय नाही, सीएसआर तर नाहीच. लिज्जत मुळात कंपनीही नाही. पण शेजारची बाई सकाळी पिठाचा गोळा घेऊन घरी येते आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घेते, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्या पैशात तिची मुलगी शिकली.

याला मला एकच शब्द सुचतो, 'वाटा'. साधा, घरातला. निंबोणी, तुमच्या 'दाय'चा अर्थही तोच निघाला.

निंबोणी:
हो, आणि वाट्याचं वैशिष्ट्य हे की तो मागता येतो. दान मागणारा हात पसरतो, वाटेकरी हिशेब मागतो.

वेळूवन:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेत जाऊन आले. टाकीच्या एका नळाची तोटी आत्ताच गळतेय आणि खाली शेवाळ धरायला लागलंय. बाईंना विचारलं, दुरुस्ती कुणाकडे? त्यांना माहीत नव्हतं. कारखान्यात विचारलं, तर म्हणाले, आम्ही बांधून दिली, आता ती शाळेची.

म्हणून मी पाठवलेला मसुदा असा: "ही टाकी कंपनीने सामाजिक उत्तरदायित्व निधीतून बांधली. देखभाल व दुरुस्ती: कंपनी. नळ बिघडल्यास कळवा:" आणि पुढे दूरध्वनी क्रमांकासाठी जागा मोकळी ठेवली आहे. क्रमांक द्यायला ते तयार झाले तर 'उत्तरदायित्व' ठेवीन. नाही झाले, तर तो शब्द काढून नुसतं 'बांधली' एवढंच लिहीन.