मावशीच्या ट्रंकेतली पत्रं : नोंदी की प्रेम?

साखर पेठ
माझी मावशी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. ती गेल्यावर ट्रंक उघडली, तर चादरीत गुंडाळलेली दीडशेक अंतर्देशीय पत्रं निघाली. लिहिणारे बार्शीकडचे एक हायस्कूल मास्तर, पक्ष्यांचे नादी, संसारी माणूस. दोघांची ओळख नान्नजच्या माळावर झाली, १९७९ ला माळढोक अभयारण्य झालं त्यानंतर लगेचच.

मामेभाऊ म्हणतोय, माळढोकच्या नोंदी तेवढ्या टाइप करून पक्षीवाल्यांना देऊ, बाकी बंबात घालू. माझं म्हणणं, या पत्रांत 'बाकी' असं काही नाहीच. एक मासला देतो:

"सकाळी ६.४० ला नर दिसला. तुम्ही दाखवलेलं पवन्या गवत त्याच्या पायाशीच होतं. आधी ते पाहिलं, मग पक्षी."

आयुष्यभर पक्षी बघितलेला माणूस समोर माळढोक असताना आधी गवत बघतो! दुसऱ्या पत्रात आमच्या सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव: "चक्रवाक आले. एक या काठाला, एक त्या. अंधार पडला, निघालो." हिप्परग्यापर्यंत येऊन आमच्या घरी आले नाहीत. बार्शीला परत गेले आणि तिथनं हे पत्र टाकलं. आणि एका श्रावणापासून मायना बदलला. 'सा. न. वि. वि.' चं 'स. न. वि. वि.' झालं. साष्टांगाचं सप्रेम. काना गळाला.

रेल्वे लाईन्स
काना गळाला म्हणून प्रेम? आमच्या दुकानाला सूतवाल्यांची थकबाकीची पत्रं यायची, तीही स. न. वि. वि. नंच सुरू व्हायची. मग वडिलांचं त्यांच्यावर प्रेम होतं म्हणायचं का?

चक्रवाकांचं म्हणाल तर ते रात्री चरायला हिंडतात आणि एकमेकांना ओरडत राहतात. रात्री जोडीची ताटातूट होते, हा विरह कवींनी लावला. दोन अभ्यासू माणसं एकमेकांशी नीट बोलत होती, एवढंच आहे हे. बाई आणि पुरुष म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. मावशींनी या नजरा हयातभर सोसल्या असतील. आता भाच्यानंही तेच करायचं? नान्नजला आज माळढोक दिसायची मारामार. तेव्हाची तारीखवार नोंद म्हणजे सोनं आहे. ती द्या आणि विषय मिटवा.

टिटवी
मला रेचेल कार्सन आणि डोरोथी फ्रीमन आठवल्या. डीडीटी या कीटकनाशकावर रान उठवणारी तीच कार्सन. डोरोथी तिची उन्हाळ्यातली शेजारीण, शास्त्रज्ञ नव्हे, पण किनाऱ्याचं वेड तेवढंच. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या साऊथपोर्ट बेटावर भेटल्या, ओहोटीच्या डबक्यांत एकत्र डोकावल्या. १९६४ ला कार्सन जाईपर्यंत सुमारे ९०० पत्रं झाली. डोरोथीला नवरा होता, संसार होता. म्हणून एका पाकिटात दोन पत्रं घालायच्या: एक घरात वाचून दाखवायचं, दुसरं फक्त तिच्यासाठी.

आता आपलं अंतर्देशीय बघा. त्यावर छापलेलंच असायचं, आत काही ठेवू नये. वर वाड्यात पत्र ज्याच्या हाती पडेल तो आधी वाचणार. मग आतलं पत्र लिहायचं कुठं? पक्ष्यांतच की.

रेल्वे लाईन्स
टिटवी, अर्धंच सांगितलंत. त्या दोघींनी काही पत्रं स्वतःच नष्ट केली. म्हणजे काय उरावं हे त्यांनी ठरवलं होतं. उरलेली १९९५ मध्ये डोरोथीच्या नातीनं छापली, पण दोन्ही बाजूंची होती. इथं मावशींचं एकही पत्र हातात नाही. एकट्या मास्तरांच्या कागदांवरून तुम्ही त्यांच्या मनातलं ठरवताय.

साखर पेठ
हे मात्र खरं. तिची पत्रं कुठं आहेत, बार्शीला कुणाला विचारायचा धीर झाला नाही अजून.

कडक भाकरी
सात्त्विक प्रेम वगैरे काय नसतंय वो. धाडस नसलं की त्याला सात्त्विक म्हणायचं. मास्तरांना बायको होती ना? तिला विचारलं का कुणी? नर माळढोक असाच, गळा फुगवून घुमतो, नाचतो. अंडं मादी एकटी उबवते.

साखर पेठ
मास्तरांच्या बायको, काकू, दर वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडं उतरायच्या, शेंगाचटणी घेऊन. त्या आणि मावशी रात्री उशिरापर्यंत बोलत बसायच्या. आणि एक सांगायचं राहिलं. बऱ्याच पत्रांवरचा पत्ता काकूंच्या अक्षरात आहे. मास्तरांचं अक्षर पोस्टमनला लागायचं नाही.

कडक भाकरी
मग माझी बोलती बंद. पण काकूंना पत्ता लिहिताना काय वाटत असेल, हे कुठल्याच पत्रात नसणार. मला तेच वाचायला आवडलं असतं.

टिटवी
टाइप करायचंच असेल तर पत्रं पूर्ण करा. तारीख, पक्षी, गवत, मायना, सगळं. कोण वाचेल त्याला लागेल तेवढं घेईल.

रेल्वे लाईन्स
माझा विरोध कायम. पण बंबात घालू नका, एवढं मान्य.

साखर पेठ
काल एक पत्र उलगडलं तर आतून कुसळं पडली, मूठभर. नियम म्हणून वर्गात छडी चालवणारा माणूस, 'आत काही ठेवू नये' वाचूनही घातलेली. ती चादरीत रुतून बसलीत. चादर धुवायला टाकू का?

टिटवी
धुवून कुसळ निघत नसतंय. हातानं एकेक काढावं लागतं.